ढेकळाचा लिलाव

तिसगावजवळ, ता. पाथर्डी
जि. अहिल्यानगर (हात अजून नुसतं 'नगर' लिहायला जातो)
सोमवार, १३ एप्रिल २०२६

प्रिय भाऊ इसहाक यास,

प्रभू येशूच्या नावात आक्काचा सलाम. सौ. आराधनाला आणि लेकरांना अनेक आशीर्वाद.

आम्ही इकडे देवाच्या कृपेने बरे आहोत, तुम्हीही सगळे बरे असाल. ऊन मात्र असं तापलंय की दुपारी कोंबडासुद्धा आरवायचा कंटाळा करतो. तुझ्या दाजींचा गुडघा पुन्हा कुरकुरतोय, म्हणून ते उद्या पहिल्या एसटीने पुण्याला डॉक्टरला दाखवायला येतायत. मुक्काम तुझ्याकडेच. हे पत्र त्यांच्याच हाती देते आहे.

फोन का केला नाही म्हणशील. अरे, फोनवर तू मला बोलू देतोस का? तू बोलत राहतोस, मी "हं, हं" करत राहते आणि तुला वाटतं आक्का हो म्हणाली. पत्राचं तसं नाही. पत्रात तुला शेवटपर्यंत गप्प बसावं लागतं. तेव्हा आता बस.

आराधनाने पाठवलेली साडी मिळाली. रंग फार गोड आहे, अगदी करडईच्या फुलासारखा. बुधवारी पाथर्डीला नेसून या असं तिने सांगितलं होतं, पण माझ्याच्याने राहवलं नाही, मी कालच नेसले. बुधवारचं पुढे लिहितेच. आधी कालची गंमत ऐक, नाहीतर माझं पोट फुटेल!

काल आपल्या मंडळीचा हंगामाचा सण झाला. तू किती वर्षांत आला नाहीस, विसरलाही असशील. आपले अर्धे लोक सहा महिने ऊसतोडीला, म्हणून आपला सण ईस्टर झाल्यावरच असतो, सगळे कोयते घरी आल्यावर. आपलं तेच ते मोठं टेबल वेदीपुढे मांडलं होतं. ज्याच्या रानात जे पिकलं ते त्याने आणायचं, त्यावर प्रार्थना, आणि मग बाहेर लिंबाखाली लिलाव. आता पाळकसाहेब नवे आहेत, वयाने तरुण, मुंबईकडून आलेले. त्यांना वाटलं लिलाव म्हणजे आपला शांतपणे होईल. प्रार्थनेत त्यांनी डोळे मिटले आणि टेबलावरचा कोंबडा सुटला! सगळे डोळे मिटून "आमेन" म्हणतायत आणि कोंबडा बाजाच्या पेटीवर उभा. लहानथोर सगळे हसले. पाळकसाहेबही हसले, तेव्हाच मला तो माणूस आवडला.

लिलावाला शेजारी बिभीषण नेहमीसारखा आला होता. देवळातला भंडारा असो की आपला लिलाव, त्याच्यावाचून होत नाही. एका भोपळ्यासाठी त्याने बोली अशी चढवली की त्याच्या बायकोने मागून सदरा ओढला. "भोपळा खायाचाय का मिरवायचाय?" असं ती सगळ्यांदेखत म्हणाली. तरी घेतलाच.

पण इसहाक, टेबल या वर्षी हलकं होतं रे. कांदे होते, अंडी होती, वांगी, लिंबं, एक मधाची बाटलीसुद्धा. ज्वारी मात्र इथे एक पेंढी, तिथे एक पेंढी. लहानपणी आठवतं ना, ज्वारीच्या पेंढ्यांमागे पाळक दिसायचे नाहीत, नुसता आवाज यायचा?

कारण तुला माहीत आहे. रस्त्याकडेचं सगळं काळं रान एकेक करत प्लॉटात गेलं. मोठी कमान उभी आहे, तिच्यावर सोनेरी अक्षरात 'सोनशिवार सिटी' लिहिलंय. आत सिटी नाही आणि आता शिवारही नाही. नुसते खुणेचे दगड आणि त्यात उगवलेलं गाजरगवत. विकत घेणारे पुण्या-मुंबईत, आणि गवत आमच्या वाट्याला.

आणि आपलं रानही या वर्षी तसंच पडलं. तू सप्टेंबरात फोन केलास, आक्का, यंदा पेरू नको, मोजणी आहे, प्लॉटवाला अंगद म्हणतो रान मोकळं पाहिजे. मी पेरलं नाही. तुझ्याशी वादही घातला नाही. पाऊस तर गेल्या साली असा झाला की नको नको म्हणायची वेळ आली, विहीर काठापर्यंत. वापसा येऊन रान पेरणीजोगं झालं तेव्हा सगळी गल्ली विचारायची, आक्का, तिफण कधी? मी म्हणायचे, बघू. महिनाभर "बघू" म्हणत मी त्या रानाकडे बघायचंच टाळलं. मग त्यावर चुन्याच्या रेषा पडल्या.

आपल्या रानात काढणीला कोण यायचं ते तू विसरला नसशील. लंकाबाई आणि तिच्या वस्तीवरच्या बाया. त्या दरसाल कोयत्यावरून लवकर येतात, काढणी गाठायला. आल्या आल्या काढणीला. मजुरी पैशात घ्यायची नाही, कणसांत घ्यायची, ही आप्पांपासूनची रीत. त्या कणसांची ज्वारी वर्षभर पुरवायची आणि दिवाळीनंतर कारखान्याला जाताना त्यातलीच दोन पोती गाडीत टाकायची. म्हणजे तू ज्याला चार एकर म्हणतोस, ते त्यांचं कारखान्यावरच्या झोपडीतलं, सहा महिन्यांचं कोपीवरचं जेवण होतं. मलाही हे इतकं सरळ कधी दिसलं नव्हतं. तिने तोंडाने सांगितलं तेव्हा दिसलं.

काल उपासनेच्या आधी ती पायरीवर बसली होती. मी म्हटलं, लंका, वाळलीस गं. तर म्हणाली, "आक्का, पावसात कणगीतला जोंधळा भिजून गेला, म्हून औंदा कोपीवर गव्हाच्या चपात्या खाल्ल्या. रेशनचा गहू. खायाला लई मऊ, पर दुपारपातुर पोटात न्हाई ऱ्हात. मोळी डोक्यावर घ्यायची म्हंजी भाकर लागती. दुकानात जोंधळा घ्याया गेले, तर भाव ऐकूनच पोट भरलं." आणि हसली. मग हळूच म्हणाली, "औंदा तुमच्या रानात सुगीच न्हाई व्हय?"

मी म्हटलं, चल, घंटा झाली.

थांब, मी पुढचं आधी सांगायला लागले. शनिवारचं राहिलंच!

शनिवारी सकाळी दाजींनी विचारलं, "उद्या टेबलावर काय ठेवायचं आपण?" मी म्हटलं, अंडी ठेवू. ते म्हणाले, "कोंबड्या तुझ्या, रान आप्पांचं." एवढंच म्हणाले आणि चहा पिऊ लागले. माहीत आहे ना तुझे दाजी कसे आहेत! एक वाक्य टाकायचं आणि आपण बशीत फुंकर घालत बसायचं. जन्मात पहिल्यांदा आपल्या रानाचं टेबलावर काही नसणार होतं. मी तिरीमिरीत उठले, म्हटलं बांधाला कुठे आपोआप उगवलेली ज्वारीची चार ताटं तरी सापडतील.

तर रानात अंगद! पांढरी गाडी लावून, एका जोडप्याला प्लॉट दाखवत होता. चुन्याच्या रेषेवर उभा राहून म्हणतो, "हितं तुमचा हॉल, हितं किचन, ह्या बाजूला बेडरूम."

मी म्हटलं, "तिथे हरभरा येतो."

त्या बाई दचकल्या. मग म्हणाल्या, "काकू, इथलं पाणी गोड आहे का हो?" मी म्हटलं, गोड आहे म्हणून तर ज्वारी गोड होते. बिचारी चांगली माणसं होती रे. नगरला भाड्याने राहतात. त्यांनाही घर हवंय, अगदी तुझ्यासारखंच. मला त्यांचा रागच येईना आणि त्यामुळे जास्त राग आला.

ते गाडीकडे गेल्यावर मी अंगदला विचारलं, "अरे, घरंच बांधायची तर माळावर का नाही काढत प्लॉट? माळ तर उघडाबोडका पडलाय." तो म्हणाला, "आक्का, काळं रान रस्त्याला हाय. माळावर गिऱ्हाईक येत न्हाई." म्हटलं, "मग रस्ता माळावर ने." तर हसून म्हणतो, "तुमी सरपंच व्हा, मग बघू." पोरगं वाईट नाही. त्याचा धंदा आहे तो.

चार ताटं काही सापडली नाहीत. मग मी काय केलं सांगू? खाली वाकले आणि एक ढेकूळ उचललं.

आता तुला आठवेल की नाही कोण जाणे. बहात्तरच्या दुष्काळात तू कडेवर होतास, मी सात वर्षांची. त्या वर्षी कुणाच्याच रानात काही नव्हतं. सणाच्या दिवशी टेबल रिकामं. आप्पा उठले आणि त्यांनी धोतराच्या सोग्यातून काळ्या रानाचं ढेकूळ काढून टेबलावर ठेवलं. मग एकेक करत सगळ्यांनी ठेवलं. पाऊस आला की हे रान पेरीन आणि पहिलं पीक इथे आणीन, असा त्याचा अर्थ. त्या ढेकळांचाही लिलाव झाला होता, पण बोली पैशाची नव्हती, पैसा होता कुणाकडे? पेरणीला कोण काय देणार, त्याची बोली; बोललेलं सगळ्यांनीच द्यायचं, ढेकूळ मात्र शेवटच्या बोलीला. आपलं ढेकूळ बिभीषणच्या आज्याने घेतलं होतं, बैलजोडी देतो म्हणून. ज्याने ढेकूळ घेतलं त्याने ते घरी सांभाळायचं आणि पेरणीच्या दिवशी स्वतःच्या हाताने परत आणून त्याच रानात फोडायचं. दुसऱ्याच्या हाती पाठवायचं नाही. म्हातारा ढेकूळ पागोट्यात बांधून घेऊन आला होता, मला अजून डोळ्यांपुढे दिसतो.

त्यानंतर कुणी ढेकूळ ठेवलं नाही. गरजच पडली नाही. वाईटातल्या वाईट सालीसुद्धा टेबलापुरतं मूठभर पिकलं.

बहात्तरला पाणी नव्हतं म्हणून रान रिकामं होतं. यंदा विहीर भरलेली आणि रान रिकामं. मी ते ढेकूळ टेबलावर ठेवलं तेव्हा माझ्या डोक्यात एवढंच होतं, दुसरं काही नव्हतं. खरं सांगते, काही ठरवून गेले नव्हते. अंड्यांच्या टोपलीशेजारी ढेकूळ ठेवलं आणि मागे वळले, तर सगळी मंडळी ढेकळाकडे बघतेय! म्हाताऱ्यांना कळलं. पोरांना वाटलं आक्का म्हातारपणी भ्रमली. पाळकसाहेबांनी हळूच विचारलं, "बाई, हे चुकून राहिलंय का?" मागून लंकाबाईची सासूच उठली आणि तिने त्यांना सगळी रीत सांगितली. दाजी माझ्या कानाशी लागले, "दीना, बुधवारी सही हाय ना गं तुझी?"

मी म्हटलं, गप्प बसा.

लिंबाखाली भोपळा झाला, कोंबडा झाला, मध झाला आणि शेवटी पाळकसाहेबांनी ढेकूळ हातात घेतलं. त्यांना ते कसं धरावं कळेना, दोन्ही हातांनी धरलं बिचाऱ्याने. म्हणाले, "याची बोली कशी बोलायची?"

बिभीषण भोपळा काखेत घेऊन उभाच होता. ओरडला, "एक ट्रॉली शेणखत!"

अरे, काय सांगू तुला! नुसता कालवा! कुणी म्हणालं, "कुळवाच्या दोन पाळ्या घालून देतो, डिझेल माझं." लंकाबाई उठली, कमरेला पदर खोचला, "खुरपायला आमी समद्या बाया. कणसं मिळूस्तवर मजुरी न्हाई मागायची." पाळकसाहेबांना इतका चेव आला, म्हणाले, "मंडळीतर्फे बियाणं, मालदांडी ज्वारीचं!" बियाणं काय असतं ते त्यांना माहीत नसेल, पण नाव बरोबर घेतलं. बिभीषणने शेणखताच्या दोन ट्रॉल्या केल्या. त्याच्या बायकोने या वेळी सदरा ओढला नाही, उलट म्हणाली, "उकिरडा तरी मोकळा हुईल." लोक हसतायत, टाळ्या वाजवतायत, माझ्या डोळ्यांना धार लागलेली आणि तरी मी हसतेय. सणात असं मी कधी पाहिलं नव्हतं.

आणि तेवढ्यात अंगद बोलला. तोही आला होता, हिशेबाने येतोच, चार माणसं भेटतात म्हणून. वाईटपणे नाही बोलला, हसतच म्हणाला, "अहो पर ढेकूळ आक्काचं आसंल, रान दोघांचं हाय. इसहाकभाऊ बुधवारी सही घ्यायला येत्यात. तुमी शेणखत कुठं टाकणार, किचनमदी?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. लंकाबाई हळूच खाली बसली, ते मला सगळ्यात लागलं. आणि अंगद खोटं बोलत नव्हता. ढेकूळ ठेवलं म्हणजे रान पेरण्याचा शब्द दिला, आणि ते रान माझ्या एकटीचं नव्हतंच. अर्ध्या रानाचा शब्द मी पुऱ्या रानासाठी देऊन बसले होते. पाळकसाहेब ढेकूळ घेऊन तसेच उभे. आता ते खाली ठेवावं की काय, अशा तोंडाने.

इसहाक, इथे मी जे केलं ते तुला सांगायलाच हे पत्र लिहितेय. साडी, कोंबडा, भोपळा, सगळं त्याच्यासाठी चाललंय.

मी उठून उभी राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "माझ्या भावाची बोली! इसहाकची! चाड्यावरची मूठ!"

क्षणभर कुणाला कळेना. मग म्हाताऱ्यांतून आवाज उठला, "व्हय व्हय, इसहाकची मूठ!" अरे, त्यांना आठवतंय! तिफणीमागे चालताना चाड्यात दाणे सोडणारा तुझा हात आठवतोय. तुझ्या मुठीचं पेरलेलं रान उगवलं की ओळीत एक फट नसायची, लोक बघायला यायचे. आता बहुतेकांचं ट्रॅक्टरवरचं पेरणीयंत्र, पण बिभीषणने तिफण अजून जपलीय, म्हणाला, "मूठ इसहाकची आसंल तर बैल मी जुपतो." पाळकसाहेबांनी बोली एकदा म्हटली, दोनदा म्हटली. मी अंगदकडे बघत होते. तोसुद्धा हसत होता, मान हलवत. तीनदा झालं आणि ढेकूळ तुझं झालं.

तुला न विचारता. मंडळीपुढे, देवापुढे, मी तुझ्या नावाने बोली बोलले. तू चिडणार. चिड. तुझ्या जागी मी असते तर मीही चिडले असते.

तर आता बुधवारचं. मी बुधवारी पाथर्डीला येणार नाही. हक्कसोडपत्रावर सही करणार नाही. हे वाक्य लिहायला मला एवढी पानं लागली. बहिणीने सही करायची, साडी घ्यायची आणि डोळे पुसत घरी जायचं, ही रीत आपल्याकडे सगळ्यांनी पाळली, आत्यांनीही पाळली. फोनवर मी तुला हो म्हणाले तेही त्याच सवयीने. साडी मात्र परत पाठवत नाही, आवडलीय मला.

तुला घर का हवंय हे मला कळतं, असं समजू नको की कळत नाही. सगळी नोकरी तू कंपनीच्या खोल्यांत काढलीस. आराधनाने मला एकदा म्हटलं होतं, आक्का, मला भिंतीत खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारावं लागतं. ते माझ्या मनातून गेलेलं नाही. म्हणून सांगते, माळावरचा आपला तुकडा घे. सगळा घे. त्याच्यावरची हक्कसोड मी डोळे मिटून लिहून देते, साडीसुद्धा नको. तिथे हुलग्याशिवाय काही पिकत नाही आणि पाया दोन हातावर लागतो. दाजी म्हणाले ते लिहिते, "काळीत घर बांधलं तर भिंतीला तडे जात्यात, आन् माळावर जोंधळा पेरला तर पोटाला." कालपासून हे वाक्य त्यांनी चार जणांना ऐकवलंय, स्वतःवर फार खूश आहेत.

माळाला काळ्या रानाएवढा भाव येणार नाही, हे मला माहीत आहे. तुला हवंय तसं घर त्यात होणार नाही, किंवा उशिरा होईल. त्यावर माझ्याजवळ उत्तर नाही, इसहाक. असतं तर पहिल्या ओळीत लिहिलं असतं.

पण गावात काहीतरी हललंय, ते तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. मागच्या महिन्यात आम्ही बाया जीप करून हिवरे बाजारला जाऊन आलो होतो. तिथल्या एका बाईने सांगितलं, गावची जमीन बाहेरच्याला विकायची नाही असं आमच्या गावानेच ठरवलंय, आणि पाणी बघून पीक कोणतं घ्यायचं तेही ग्रामसभेत ठरतं. आम्ही तेव्हा तोंडात बोटं घातली आणि जीपमध्ये बसून परत आलो, झालं. पण काल लिलाव संपल्यावर कुणी घरीच जाईना! बिभीषण म्हणाला, एक मेच्या ग्रामसभेत ठराव मांडू. काळ्या रानात प्लॉट नाही, माळावर पाहिजे तेवढी घरं बांधा, रस्ता तिकडे मागू. ठराव म्हणजे कायदा नव्हे, एवढं मलाही कळतं. उद्या कुणी मोठा माणूस आला तर कागद दाखवून विकत घेईलही. पण अंगद काय म्हणाला ऐक. म्हणाला, "रस्ता गेला तर माळावरचे प्लॉट मी इकीन की. मला काय, रान काळं का तांबडं!" लंकाबाई म्हणाली, "तुला न्हाई, पर माझ्या भाकरीला हाय." आणि मग दोघं हसले. कालपासून माझा पाय जमिनीवर नाही. एकसष्टाव्या वर्षी मला वाटतंय की मी आता शाळेत जाणार आहे आणि आज पहिला दिवस आहे.

एकाच गोष्टीने सारखं मन खाली येतं. आप्पा गेले, आई गेली, आता आपण दोघंच आहोत. तू रागाने बोलायचा थांबलास तर मी काय करू? रान वाचलं आणि भाऊ गेला, असं झालं तर ती ज्वारी मला गोड लागणार नाही, हे मी आत्ताच लिहून ठेवते. तरी सही करणार नाही. दोन्ही खरं आहे, त्याला मी काय करू?

दाजींच्या पिशवीत स्टीलचा डबा आहे, कापडात गुंडाळलेला. त्यात तुझं ढेकूळ आहे. एसटीत धक्के लागतात म्हणून खाली भुस्सा घातलाय. आराधनाला सांग, कुंडीत घालू नको, ओलं होऊ देऊ नको, कपाटावर ठेव. सप्टेंबरात वापसा आला की मी कळवीन. तेव्हा ते तू स्वतः घेऊन यायचं आणि रानात तुझ्या हाताने फोडायचं, मग चाड्यावर मूठ. दुसऱ्याच्या हाती पाठवलं तर चालत नाही, ही रीत तुला वर सांगितलीच.

दाजी बुधवारी संध्याकाळी परत निघतील. त्यांना काही विचारू नको, त्यांना उत्तर माहीत नसतं आणि ते बशीत फुंकर घालत बसतील. तुझ्या मनात नसेल तर डबा त्यांच्याच हाती परत दे, काही लिहायची गरज नाही. मी एसटी स्टँडवर येणार आहे, लांबूनच कळेल मला. सही तेव्हाही करणार नाही. पण पुन्हा कधी तुझ्या नावाने काही बोलणार नाही.

अख्ख्या मंडळीसमोर तुझ्या मुठीच्या भरवशावर उभी राहिलेली,
तुझी आक्का,
दीना